सीपीके नॉर्मल, तरी आईला उठता येईना. मांड्यांचा एमआरआय परत काढावा का?

तासगावची_लेक | सोमवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, कंटाळू नका. आई ५४ वर्षांची, तिला डर्मॅटोमायोसायटिस आहे. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती उलटून स्नायूंवर आणि कातडीवर उठते तो आजार. दीड वर्ष झालं. पहिल्यांदा कळलं ते द्राक्षाच्या विरळणीला, मांडवाखाली हात वर धरता येईनात. बाया म्हणल्या वय झालं. मग पाटावरनं उठताना जमिनीला हात टेकायला लागले, मग यष्टीची पायरी चढेना. एका ठिकाणी दाखवलं तर कमरेचा एमआरआय काढायला लावला, मणक्यात गॅप निघाला, पट्टा दिला. महिनाभरानं रक्तात लिव्हरचं एसजीओटी एसजीपीटी वाढलेलं दिसलं तर कावीळ म्हणून पथ्य सुरू, डोळे पांढरेफटक आणि घरात सगळे कावीळ कावीळ. शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी बोटांच्या सांध्यांवरचे चट्टे आणि पापण्यांचा जांभळट रंग बघून सीपीके (स्नायूंची रक्ततपासणी) करायला सांगितलं, ते ६,४०० आलं.

स्टिरॉइड ५० मिग्रॅ. आणि आठवड्यातनं एकदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू झालं. खूप फरक पडला, वर्षभरात गोळी १० वर आली होती. चार महिन्यांमागं परत थकवा आला म्हणून गावातल्या डॉक्टरांनी ४० केली. तेव्हापासनं चेहरा गोल, साखर २४०, आणि मांड्या उलट बारीक होत चालल्यात, खालनं उठताच येईना. सीपीके ११८. गावातले म्हणतात अजून वाढवू. सांगलीचे संधिवाताचे डॉक्टर म्हणतात गोळीला हात लावायच्या आधी दोन्ही मांड्यांचा एमआरआय काढा आणि दीड वर्षापूर्वीचा मांड्यांचा पण घेऊन या. बाबांचं म्हणणं, रक्त नॉर्मल आलंय तर एवढे पैसे कशाला घालायचे, हे सगळे पैसे काढायचे धंदे. मला दोन्ही पटतंय. कुणाला अनुभव?

कुपवाड_एक्सप्रेस | सोमवार, रात्री १०.३१

बाबा बरोबर बोलत्यात. हल्ली डोकं दुखलं की एमआरआय, पाय दुखला की एमआरआय. आणि किती रेडिएशन मारून घ्यायचं त्या माऊलीनं?

चुंबकवाला_मिरज | सोमवार, रात्री ११.०५

एक्सप्रेस भावा, एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं. एक्स-रे आणि सीटीमध्ये असतं. हे मोठं चुंबक आहे आणि रेडिओ लहरी, बास. मी १४ वर्षं हेच मशीन चालवतोय, रोज एकाला तरी हे सांगायला लागतं.

ताई, मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तर औषधाचं बोलत नाही. फोटोचं बोलतो. मांडीचे मुख्य दोन प्रकारचे फोटो निघतात. एक टी वन, त्यात चरबी पांढरी दिसते. दुसरा स्टर, त्यात मशीन चरबीचा उजेड मुद्दाम दाबून टाकतं म्हणजे पाणी तेवढं चमकतं. सूज म्हणजे पाणीच की. तर स्टरमध्ये स्नायू पांढरा दिसला म्हणजे तिथं आत्ता काहीतरी चालू आहे. टी वनमध्ये स्नायूच्या जागी पांढरे पट्टे दिसले म्हणजे तिथला स्नायू आधीच गेला आणि जागा चरबीनं भरली. आमच्याकडचे एक सर म्हणतात, स्टर म्हणजे रानात पाणी कुठं साचलंय ते आणि टी वन म्हणजे रान कुठं पडीक गेलंय ते. पडीक रानाला कितीही पाणी पाजून पीक येत नाही, तसं चरबी झालेल्या जागी स्टिरॉइड ओतून काही होत नाही.

तुमच्या डॉक्टरांना नेमकं हेच बघायचं असणार. बाहेरनं अशक्तपणा सारखाच दिसतो.

तासगावची_लेक | सोमवार, रात्री ११.२२

हे आजपर्यंत कुणी असं सांगितलंच नव्हतं. रिपोर्टमध्ये नुसतं हायपरइंटेन्स हायपरइंटेन्स लिहिलेलं असतं, म्हणजे हेच पांढरं चमकणं. मग सीपीके कशाला करतात?

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३.४०

मेडिसिनचा रेसिडेंट आहे, आत्ता जरा शांत आहे तर लिहितो. सीपीके म्हणजे स्नायूच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारं एन्झाइम. सांडलं तर कळतं. पण डर्मॅटोमायोसायटिसमध्ये बऱ्याचदा सूज स्नायूच्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती आणि आवरणात असते, पेशी फार फुटत नाहीत, मग आजार चालू असून सीपीके नॉर्मल राहतं. म्हणून नॉर्मल सीपीके म्हणजे आजार झोपला असं धरता येत नाही. आणि उलट बाजूनं, वाढलेलं सीपीके म्हणजे मायोसायटिसच (स्नायूंची सूज) असंही नाही, जिममध्ये पहिल्या दिवशी जास्त स्क्वॉट मारले तरी हजारात जातं.

एसजीओटी एसजीपीटीचं सांगतो, कारण हा घोळ मी स्वतः तीन वेळा बघितलाय. ही दोन्ही लिव्हरमध्ये असतात तशी स्नायूतही असतात. बिलिरुबिन आणि जीजीटी या लिव्हरच्या दुसऱ्या टेस्ट नॉर्मल, आणि पेशंट म्हणतोय उठता येत नाही, तर लिव्हरच्या मागं लागण्याआधी एक सीपीके करायचं. स्वस्तातली टेस्ट आहे.

आता काकूंचं. चार महिने ४० मिग्रॅ. म्हटल्यावर स्टिरॉइड मायोपॅथी डोक्यात आलीच पाहिजे. स्टिरॉइडनं स्नायू झिजतात, तेही नेमके कमरेभोवतीचे आणि मांड्यांचे. सीपीके नॉर्मल राहतं. म्हणजे आजारानं येतो तोच अशक्तपणा औषधानंही येतो, आणि उपाय बरोब्बर उलटे, एकात गोळी वाढवायची, दुसऱ्यात कमी करायची. एमआरआयनं इथं फरक दिसू शकतो. औषधाची झीज असेल तर स्नायू बारीक दिसतो पण स्टरमध्ये सहसा चमकत नाही.

एक मात्र हात जोडून सांगतो, हे वाचून गोळी स्वतःच्या मनानं कमी किंवा बंद करू नका. एवढे दिवस घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं मंदावलेलं असतं, अचानक थांबवलं तर बीपी पडून माणूस आयसीयूत येतो.

दुसरी_इनिंग_कराड | मंगळवार, सकाळी ७.१५

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहिते. मी शिक्षिका, हाच आजार, सहा वर्षं. तिसऱ्या वर्षी फळ्यावर लिहिताना हात खाली पडायला लागला, सीपीके १५०. सगळे म्हणाले टेन्शन घेताय, मनाचं आहे. मीही तसंच समजून गप्प बसले दोन महिने. मग एमआरआय काढला तर दोन्ही मांड्या स्टरमध्ये दिव्यासारख्या पेटलेल्या आणि स्नायूंच्या आवरणावर पण पांढरी रेघ. औषध बदललं आणि मी परत फळ्यावर उभी राहिले. म्हणजे बघा ताई, तुमच्या आईचं सीपीके आणि माझं सीपीके जवळपास सारखं, पण रिपोर्ट काय येईल त्यावर एकीची गोळी कमी होणार आणि एकीची वाढणार. हा खर्च वायफळ नाही हो.

छातीचं पण विचारा. मला कोरडा खोकला होता, मी धुळीचा समजत होते, खडूमुळे. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटीत, फुफ्फुसाच्या खालच्या भागात जाळी निघाली. आजार स्नायूंचा म्हणतात, पण तो तिथंच थांबत नाही.

तासगावची_लेक | मंगळवार, सकाळी ९.००

बाई, धन्यवाद. छातीचा एचआरसीटी आणि पोटाचा सीटी, मॅमोग्राफी हे सगळं सुरवातीलाच केलंय, तेव्हा कळलं की मोठ्या माणसांत या आजारासोबत कधी कधी कॅन्सर लपलेला असतो म्हणून शोधतात. तिचं सगळं साफ होतं, पण ते आठ दिवस आम्ही कसे काढले आम्हालाच माहीत.

अजिंक्यतारा_पायथा | मंगळवार, दुपारी १.२०

साताऱ्याहून. आमच्या काकांचं सांगतो, वय ६८, आयुष्यभर किल्ला चढलेला माणूस. चालता चालता गुडघ्यातनं पाय लटकन मुडायला लागला आणि पडायला लागले, वर डब्याचं झाकण उघडेना, शर्टाचं बटण लागेना. सीपीके ७००. पॉलिमायोसायटिस (तसाच स्नायूंच्या सुजेचा आजार, पण पुरळाशिवाय) म्हणून वर्षभर स्टिरॉइड खाल्लं, शून्य फरक, वर साखर आणि मोतीबिंदू. नंतर पुण्यात मांड्यांचा एमआरआय झाला, तिथल्या डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं की मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू, तेही गुडघ्याकडच्या टोकाला जास्त, चरबी होऊन विरघळल्यासारखे दिसतायत, मधला एक स्नायू त्या मानानं बरा आणि डावं-उजवं सारखं नाही. इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस, हा वेगळाच प्रकार. याला स्टिरॉइड लागूच पडत नाही म्हणे. बायोप्सीनं, म्हणजे स्नायूचा तुकडा काढून तपासून, पक्कं केलं. कोपरापासनं मनगटापर्यंतची सोनोग्राफी पण केली, बोटं मिटणारा स्नायू पांढरा आणि त्याच्या शेजारचा नॉर्मल काळपट, एवढं स्पष्ट होतं की मलासुद्धा दिसलं.

राग कुणावर काढायचा? पहिल्याच महिन्यात मांडीचा फोटो निघाला असता तर वर्षभराचं स्टिरॉइड वाचलं असतं. आता काठी आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन चालतात, गडावर नाही पण चार भिंती स्मारकापर्यंत रिक्षानं जाऊन बसतात.

कुपवाड_एक्सप्रेस | मंगळवार, दुपारी १.४८

सोनोग्राफीत दिसतंय तर मग एमआरआय कशाला? सोनोग्राफी चौथ्या हिश्शात होते.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ८.३०

प्रश्न रास्त आहे. स्नायू किती पांढरा दिसतो आणि मागचं हाड किती झाकलं जातं यावरनं चार पायऱ्या ठरवतात, हेकमॅट स्केल, १९८२ पासून आहे. स्वस्त, आवाज नाही, लहान पोरांना भूल द्यायला लागत नाही. पण खोलवरचे कमरेचे स्नायू नीट दिसत नाहीत, ताजी सूज एमआरआयइतकी पकडता येत नाही आणि सगळं प्रोब धरणाऱ्या हातावर. स्नायूची सोनोग्राफी मन लावून करणारे आपल्या भागात किती आहेत तूच शोध.

आणि एमआरआयला पण डोक्यावर बसवू नका कुणी. स्टरमध्ये चमकलं म्हणजे मायोसायटिसच असं नाही. मार लागला, जंतुसंसर्ग झाला, नस दबून स्नायूचा करंट तुटला, काही जनुकीय डिस्ट्रॉफी (स्नायू झिजण्याचे जन्मजात आजार), सगळीकडे चमकतं. २०१७ मध्ये युरोप-अमेरिकेच्या संधिवात संघटनांनी मिळून या आजारांचे निकष ठरवले, त्यात पुरळ, कुठले स्नायू अशक्त, एन्झाइम, अँटिबॉडी, बायोप्सी या सगळ्याला मार्क आहेत, एमआरआयला एकही नाही. मला ते थोडं कंजूषपणाचं वाटतं, कारण रोजच्या कामात तो फार उपयोगी पडतो. बायोप्सीचंच घ्या. सूज ठिगळाठिगळानं असते, सुई सूज नसलेल्या जागी घुसली की रिपोर्ट नॉर्मल. एमआरआय बघून जागा ठरवली तर तुकडा वाया जायची शक्यता कमी.

आयुष_सर्वांसाठी | मंगळवार, रात्री ९.०२

आमच्याकडे खास तेल आहे, २१ दिवस मांडीला जोरात मालिश केल्यास स्नायू पूर्ववत होतात. संपर्क करा.

फिजिओ_सांगली | मंगळवार, रात्री ९.१०

जोरात मालिश अजिबात नको, आणि एमआरआयच्या आधी तर मुळीच नको. ॲडमिन बघा जरा.

ताई, आधी या आजारात पडून राहा म्हणायचे, व्यायामानं स्नायू अजून फुटतील अशी भीती होती. आता ते मागं पडलंय, बेतानं केलेला व्यायाम सुरक्षित आहे आणि फायद्याचा आहे. पण किती आणि कुठला, हे आत सूज आहे की झीज यावर ठरतं. मला पेशंट पाठवताना सोबत एमआरआयचा रिपोर्ट असला तर मी डोळे मिटून काम करत नाही एवढंच.

चुंबकवाला_मिरज | बुधवार, सकाळी ७.५०

काढायचं ठरलं तर हे वाचा. चिठ्ठीवर नुसतं एमआरआय पाय असं नको. दोन्ही मांड्या, जमल्यास कमरेपासून, टी वन आणि स्टर, आणि मायोसायटिस फॉलोअप हे शब्द पाहिजेत. नाहीतर कुणीतरी एका गुडघ्याचा काढून मोकळं होतं, आणि गुडघा एकदम छान असतो. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन यासाठी सहसा लागत नाही, तेवढे पैसे वाचतात. आदल्या दोन-तीन दिवसांत जड काम नको, दमवलेला स्नायू पण स्टरमध्ये चमकतो. मांडीत इंजेक्शन किंवा नुकतीच सुई टोचून ईएमजी (स्नायूच्या करंटची तपासणी) केली असेल तर ते आधी सांगा.

दागिने सगळे घरीच. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, ताईत, पिना. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण तापू शकतं आणि फोटो खराब होतो, आणि गळ्यातलं खरं किती नि मिसळीचं किती ते आम्हाला कुठं कळतंय. स्टिरॉइडनं पायावर सूज असेल तर जोडवी अडकतात, मग आमच्या दारात साबण आणि दोरा घेऊन अर्धा तास जातो. आदल्या रात्रीच काढा. पेसमेकर, शरीरात कुठं क्लिप, रॉड, डोळ्यात लोखंडाचा कीस गेलेला, हे असेल तर लपवू नका. गोंदण असेल तर सांगून ठेवा, क्वचित गरम लागतं.

मशीन ठोकळ्यावर हातोडा मारल्यासारखं वाजतं, अर्धा-पाऊण तास. मांड्यांसाठी पाय आधी आत जातात, डोकं बऱ्यापैकी बाहेर राहतं, त्यामुळं घाबरायचं कारण नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनी सीडी. नुसता कागदी रिपोर्ट नाही, सीडी.

तासगावची_लेक | बुधवार, सकाळी ८.१५

जोडवी खरंच निघत नाहीयेत, तुम्ही म्हणलात म्हणून आत्ता बघितलं. आणि सीडीचं काय सांगू. सगळी फाइल उपसली, मिळेना. बाबांना विचारलं तर म्हणाले, ती चमकणारी तबकडी ना, ती बागेत बांधली, पाखरं लई मणी फोडत होती.

कुपवाड_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी ८.१७

😂😂😂 मामांना साष्टांग नमस्कार.

दुसरी_इनिंग_कराड | बुधवार, सकाळी ८.४०

हसू नका रे, माझ्या सुनेनं माझ्या फिल्म सूर्यग्रहण बघायला काढल्या होत्या. (त्यानं ग्रहण बघू नये, डोळ्याला इजा होते, हेही लिहून ठेवते.)

चुंबकवाला_मिरज | बुधवार, सकाळी ९.०५

उन्हातली सीडी आता चालायची नाही, तिचा नाद सोडा. जिथं एमआरआय झाला तिथं फोन करा, नाव आणि तारीख सांगा. बऱ्याच ठिकाणी सर्व्हरवर एक-दोन वर्षं तरी फोटो असतात. सीडी मागू नका, आता कुणाच्या लॅपटॉपला सीडी बसत नाही. नवा पेनड्राइव्ह घेऊन जा.

तासगावची_लेक | पुढचा मंगळवार, रात्री ९.४५

झालं सगळं, सांगते. जोडवी सोनारानं कापून काढली, आई रडली, पण पायाचं बोट मोकळं झाल्यावर तिलाच बरं वाटलं. जुने फोटो मिळाले. नवा एमआरआय साडेसहा हजारात झाला. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि बाबांना खुर्ची ओढून पुढं बसवलं. दीड वर्षापूर्वीच्या स्टरमध्ये दोन्ही मांड्या ठिगळा ठिगळानं पांढऱ्या, आवरणावर रेघा. आताच्यात काळं, कुठंच चमक नाही. पण टी वनमध्ये मांडीचा घेरच कमी झालाय, मागच्या बाजूच्या स्नायूंत चरबीच्या थोड्या रेघा आहेत, बाकी स्नायू जागेवर आहे पण बारीक. डॉक्टर म्हणाले आजार शांत दिसतोय, ही झीज बहुतेक स्टिरॉइडची आणि बसून राहण्याची, त्या रेघा भरून येणार नाहीत पण उरलेल्या स्नायूला ताकद आणता येईल. गोळी टप्प्याटप्प्यानं कमी करायचा तक्ता दिलाय, मेथोट्रेक्सेट तेवढंच, साखरेसाठी वेगळं औषध, आणि फिजिओ. कमी करताना पुरळ किंवा गिळायला त्रास वाटला तर लगेच या म्हणाले.

गावातल्या डॉक्टरांचं ऐकून गोळी ६० केली असती तर काय झालं असतं हा विचार रात्री येतो. पण ते वाईट माणूस नाहीत, रात्री दोनला दार उघडणारे तेच आहेत. त्यांना रिपोर्ट दाखवला, त्यांनी फोटो काढून ठेवला मोबाइलमध्ये.

रात्रपाळी | पुढचा मंगळवार, रात्री ११.५०

छान. डोस खाली येताना पहिले काही आठवडे अंग दुखेल, गळून गेल्यासारखं होईल, ते आजार परतला असं समजून घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा. झीज भरायला महिने लागतात. आणि त्या पेनड्राइव्हची एक कॉपी करा.

फिजिओ_सांगली | पुढचा बुधवार, सकाळी ८.००

सुरवात खुर्चीवरनं. उंच खुर्ची, हात न टेकता उठणं-बसणं, पाच वेळा, दोन मिनिटं थांबून परत. जमलं की खुर्ची थोडी बुटकी. पाट सगळ्यात शेवटी. रोज किती वेळा झालं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायला होतं.

तासगावची_लेक | पुढचा बुधवार, सकाळी ८.२०

कॅलेंडर बाबांनी ताब्यात घेतलंय, आज चार झाले. पेनड्राइव्ह मात्र मी माझ्या कपाटात ठेवलाय, कुलूप लावून.